बिरसा १०१ आणि आमची सातपुड्याची पोरं

बुधवार, रात्री

सायन्सची चांगली बातमी म्हटली की कुठंतरी लांब अमेरिकेत काहीतरी झालं अशीच येते, पण ही थेट आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांची आहे म्हणून लिहून ठेवतोय. सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर भारतातच बनलेली पहिली क्रिस्पर जीन थेरपी, म्हणजे पेशीतल्या जीनमध्येच नेमका बदल करणारा उपचार. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने तयार केली, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली, पुढचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय आणि नाव ठेवलंय बिरसा १०१, भगवान बिरसा मुंडांच्या नावावरून. पेशंटपर्यंत पोचायला वेळ आहे, मान्य, पण मला भलताच आनंद झालाय.

सिकलसेलचं दुखणं ज्याने जवळून बघितलंय त्यालाच कळेल. आमच्या आश्रमशाळेत सातवीला एक पोरगी आहे, थंडी पडली की हातपाय असे ठणकतात की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, होस्टेलच्या ताई गरम पाण्याची पिशवी घेऊन उशाशी बसतात आणि दोन दिवसांनी पोरगी परत वर्गात हजर, डोळे पिवळे, पण बाक पहिलाच. आपली लाल पेशी १२० दिवस जगते, हिची दहा-वीस दिवसांत संपते, विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक नसांमध्ये अडकते. पूर्वी अशा पोरांची शाळाच सुटायची.

आता ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेते आणि तेव्हापासून दुखणं खरंच कमी झालंय. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ही की आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर शरीर ते बंद करतं, ही साधी कॅप्सूल तेच थोडंफार परत चालू करते, आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेली ती कॅसजेव्ही नावाची क्रिस्पर थेरपी, जिची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, तीही तेच करते, फक्त बीसीएल११ए नावाच्या जीनमध्ये बदल करून कायमचं. म्हणजे आमच्या पोरीच्या डब्यातल्या कॅप्सूलला कमी लेखायचं काही कारण नाही.

तपासणीचं कामही मोठं झालंय. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोक तपासायचे होते, त्यातले ६ कोटींच्या वर २०२५ च्या मध्यापर्यंत झालेसुद्धा. आमच्याकडे टीम आली तेव्हा पोरं नळीवर नुसती तुटून पडली होती, बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब औषधाच्या पाण्यात टाकायचा, थोडं थांबायचं, पाणी गढूळ झालं आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय, मग पक्की तपासणी. ज्याच्या रेघा दिसल्या तो नाचतच बाहेर.

पण रेघा न दिसलेले सगळे काही आजारी नसतात, बरेचसे नुसते वाहक असतात, म्हणजे आईबापातल्या एकाकडूनच सिकलसेलचा जीन आलेले, त्यांना सहसा त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र दर बाळंतपणात २५ टक्के शक्यता की बाळाला आजार. हे पाड्यावर नीट पोचलं पाहिजे, कोणाच्या पोरीला नाव ठेवायला नको, कोणाची सोयरीक मोडायला नको. मी मराठीत सांगून उपयोग नाही, पावरीत सांगणारी आशाताईच पाहिजे. बाजाराच्या दिवशी पालक खाली येतात, तेव्हाच मीटिंग लावतो, ताईंना उद्या सकाळीच फोन करतो.