भिंतीवरचं मैदान

ठाण्यातल्या टू-बीएचके फ्लॅटमध्ये दारामागे काय उभं करून ठेवलंय, यावरून त्या घरातल्या मुलांचं वय बहुतेक वेळा बरोबर सांगता येतं. स्केट्स आणि गुडघ्याचे पॅड दिसले की पहिली-दुसरी. प्लास्टिकची बॅट जाऊन विलोची आली, तिच्यामागून चाकांची किटबॅग आली, की पाचवी-सहावी. मग बॅडमिंटनच्या रॅकेटी, मग गिअरची सायकल. दहावीच्या वर्षी सगळ्यावर धूळ. पुढे वडिलांची योगा मॅट आणि दोन डंबेल्स, काही दिवसांनी त्यांच्यावरही धूळ. कॅरम बोर्ड मात्र प्रत्येक वयात कपाटामागे तिरका सरकवलेला असतो आणि मे महिन्यात एकदा बाहेर निघतो.

हे सगळं भिंतीवर न्यावं, असं कधी ना कधी वाटतंच. कार्पेट एरियात फरशी मोजली जाते, भिंतीचे चौरस फूट बिल्डरही मोजत नाही. म्हणजे ही जागा आयतीच मिळालेली. गडबड होते ती पुढे. बॅटला बॅटचा हुक, रॅकेटला रॅकेटचा, सायकलला सायकलचा असं एकेक ऑनलाइन मागवलं जातं, एकेक भोक पडतं, आणि चार-पाच वर्षांत भिंतीची चाळण होते. खेळ सुटतो, हुक राहतो, हुक काढला तरी भोक राहतं. माझं मत सरळ आहे: भिंतीला खेळाचं नाव कळू द्यायचं नाही. तिच्यावर एकदाच पट्टी किंवा चॅनल ठोकायचं आणि हुक त्यावर सरकते, उचलून बदलता येणारे घ्यायचे.

जुन्या वाड्यांना हे ठाऊक होतं. भिंत बांधतानाच तिच्यात लाकडी खुंट्या बसवत, टोक किंचित वर उचललेलं, म्हणजे अडकवलेली वस्तू आपोआप भिंतीकडे सरकते. पगडी टांगा, कंदील टांगा, खुंटी काही विचारायची नाही. आजही हुक निवडताना ते उचललेलं टोक आधी बघावं. तंतोतंत काटकोनातला हुक दुकानात छान दिसतो आणि भार पडला की खाली मान घालतो.

पट्टीचे तीन प्रकार आपल्याकडे सहज मिळतात. पहिला, कपड्यांच्या दुकानात दिसते ती दोन खाचांची उभी पट्टी. खाचा साधारण इंचाइंचावर असतात, ब्रॅकेट त्यात वरून अडकवायचं. स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळणारी. खोट एकच: ब्रॅकेट खालून वर ढकललं की निघून हातात येतं, आणि लहान मुलं वस्तू काढताना नेमकी वरच ढकलतात. खालच्या खाचेत एक छोटा स्क्रू आडवा टाकला की प्रश्न मिटतो. दुसरा, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचे कॉन्ट्रॅक्टर वापरतात ते 41 मिलिमीटर रुंदीचं स्ट्रट चॅनल. त्याच्या पोटात स्प्रिंगचा नट बसतो, तो हवा तिथे सरकवून बोल्ट आवळायचा. दिसायला कारखानी, पण सायकलीसाठी याच्याइतका भरवशाचा प्रकार नाही. तिसरा सुताराचा: 18 मिमीच्या प्लायची पट्टी 45 अंशात तिरकी चिरायची, एक तुकडा भिंतीला, दुसरा हुकाच्या पाठीला, आणि एकावर एक अडकवायचे. यात प्लाय 710 नंबरचं, म्हणजे पाण्याला टिकणारंच घ्यावं. साधं कमर्शियल प्लाय आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत कडेने फुगतं, आणि फुगलेली तिरकी कड एकमेकीत बसत नाही.

आता भिंत. ती कशाची आहे हे बाहेरून कळत नाही, ड्रिलच्या धुळीवरून कळतं. बिट आत जायला लागलं की आधी पुट्टीची पांढरी धूळ येते. मग गिलाव्याची राखाडी, वाळूची कचकच असलेली. त्यापुढे लाल धूळ आली तर वीट, म्हणजे नौपाड्यातली जुनी इमारत किंवा वाशी-नेरुळकडची सिडकोच्या सुरुवातीच्या काळातली. राखाडी धूळच येत राहिली, बिट किंचाळायला लागलं आणि हाताला धक्के बसू लागले, तर ती काँक्रीटची भिंत. घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवर्समध्ये मिवान शटरिंगमुळे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांमुळे, आतल्या भिंतीसुद्धा अशाच ओतलेल्या असतात. तिथे घरगुती ड्रिल दहा मिनिटं झुंजतं, बिटचं टोक निळं पडतं आणि भोक पाऊण इंचच होतं. सरळ रोटरी हॅमर भाड्याने आणावा. आणि तिसरी शक्यता: बिट अलगद, जवळजवळ आवाज न करता आत गेलं आणि तांदळाच्या पिठासारखी पांढरट पूड खाली सांडली, तर तो हलका ब्लॉक, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात. इथे खुशीने हॅमर चालू ठेवणाऱ्याचं भोक 8 मिमीचं 11 होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूला धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, आत नुसती फिरत बसते. ब्लॉकमध्ये हॅमर बंद, फक्त फिरवायचं, आणि गिट्टी लांब, निदान 60 ते 80 मिमीची. 4 इंची पार्टिशनवर सायकल टांगायचीच असेल तर गिट्टीचा नाद सोडून आरपार बोल्ट घालावा आणि पलीकडे 50 मिमीचा मोठा वॉशर द्यावा. पलीकडच्या खोलीत तो दिसेल. दिसू दे.

गिट्टीचं गणित लोक उलटं करतात. स्क्रू केवढा ते आधी बघतात, भिंतीत किती गेला ते नंतर. गिलावा 12 ते 20 मिमी असतो आणि त्याला स्वतःची काही ताकद नसते. 30 मिमीची गिट्टी म्हणजे अर्धी गिलाव्यातच अडकलेली. पट्टीसाठी 8 मिमीची, 50 लांबीची गिट्टी आणि 5 मिमी जाडीचा, 60 लांबीचा स्क्रू हे रोजच्या सामानाला पुरतं. सायकलीला 10 ची गिट्टी आणि 6 चा स्क्रू. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल घ्यायचं, कारण तळाशी धूळ साठतेच. ती फुंकून काढायची, डोळे मिटून. न काढलेली धूळ गिट्टीला पूर्ण आत जाऊ देत नाही, मग कारागीर हातोडीने ठोकतो, गिट्टीचं डोकं चेपतं आणि स्क्रू वाकडा जातो. जुन्या विटांच्या भिंतीत भोक नेमकं दोन विटांच्या सांध्यात आलं तर वाळू नुसती झरत राहते. अशा भोकात आगपेटीच्या काड्या कोंबण्याची आपली परंपरा फोटोफ्रेमपुरती ठीक आहे. किटबॅगसाठी सांधा सोडून दोन इंच वर किंवा खाली विटेच्या अंगात जावं. आडवी पट्टी असली तर हे सोपं, पट्टीच्या भोकांना थोडी ये-जा चालते.

स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या रेषेत आडवं भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच जातात. बाथरूमच्या पाठीमागची भिंतही सोडावी. आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत तर अजिबात नको. जुलैत त्या भोकाभोवती ओलीचा नकाशा उमटतो.

जाड लोखंडाचं ब्रॅकेट म्हणजे मजबूत, हा समज मात्र मोडायला हवा. धोका असतो वरच्या स्क्रूला, आणि तो ठरतो ब्रॅकेटच्या पाठीच्या उंचीवर. 15 किलोची सायकल धरा, तिचा भार भिंतीपासून 30 सेंटीमीटर पुढे. वरच्या आणि खालच्या स्क्रूमध्ये 10 सेंटीमीटर अंतर असेल तर वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर पडतो 15 गुणिले 30 भागिले 10, म्हणजे 45 किलो. तेच अंतर 20 केलं की साडेबावीस. लोखंड तेच, सायकल तीच, नुसती पाठ लांब केली. रबाळे-महाप्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेत असाल तर 25 बाय 25 मिमीचा चौकोनी पाइप पुरे, पैसे पाठीच्या पट्टीत घाला.

सायकल भिंतीवर दोन तऱ्हांनी राहते. पुढच्या चाकावर उभी टांगली तर रुंदी वाचते, पण ती खोलीत तीनेक फूट पुढे येते, आणि आपल्या पॅसेजची रुंदीच मुळी तेवढी. शिवाय पुढे मडगार्ड असला तर हुक चाकात जातच नाही. आडवी, वरच्या दांड्यावर टांगली तर चित्रासारखी दिसते, फक्त पावणेसहा फूट भिंत लागते. ज्या सायकलीला वरचा दांडा उतरता असतो किंवा नसतोच, तिला सीट आणि हँडल यांच्यामध्ये जोडायचा वेगळा दांडा मिळतो, तो लावावा. नाहीतर सायकल तिरकी लोंबते आणि घरातलं कोणीतरी येताजाता तिला सरळ करत राहतं. पाम बीच रोडवरून पावसात भिजून आलेली सायकल थेट भिंतीवर चढवली तर टायरचे काळे पट्टे पुट्टीवर कायमचे. चाक टेकतं तिथे एक उरलेली टाइल चिकटवावी. दुमडणारे हात असलेलं ब्रॅकेट या सगळ्यात उत्तम, सायकल बाहेर असताना कोणाचं कपाळ त्याला आपटत नाही.

छताचा मोह वेगळा. बाल्कनीत कपडे वाळवायच्या पुलीच्या दांड्या असतातच, तशीच सायकल वर ओढून घ्यावी असं वाटतं. पण भिंतीत स्क्रूवरचा भार थोडा खाली सरकवणारा, थोडा बाहेर ओढणारा असतो. छतात तो सगळाच सरळ ओढून काढणारा, रात्रंदिवस. प्लास्टिकची गिट्टी हळूहळू ढिली होते आणि कळवत नाही. स्लॅबला लोखंडी अँकरच हवा: 8 मिमी आट्याच्या ड्रॉप-इन अँकरला 10 मिमीचं, 30 मिमी खोल भोक. बिट मध्येच अडलं आणि धुळीत चकचकीत कीस दिसला तर ती सळई. तिच्याशी भांडू नये, भोक ग्राउटने बुजवून काही सेंटीमीटर बाजूला जावं. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या मात्र सरळ रेषेत जातील याचा भरवसा नाही, पंख्यापासून बोर्डापर्यंतचा पट्टा मोकळा सोडावा. आणि इमारतीत पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर छताला ड्रिल लावायचाच नाही. आतल्या ताणलेल्या केबलला धक्का लागणं हा फक्त आपल्या घराचा प्रश्न राहत नाही. सोसायटीच्या ऑफिसात विचारलं की कळतं. फॉल्स सीलिंग म्हणजे साडेबारा मिमीचा जिप्समचा पत्रा, त्यावर टांगलेली वस्तू फक्त वेळ काढत असते.

इतकं करूनही छतावर काय ठेवावं? माझ्या मते हलकं आणि लांब: स्टंप, ट्रेकिंगच्या काठ्या, तंबू, स्लीपिंग बॅग. सायकल उलटी टांगली तर सुमारे साडेतीन फूट खाली येते, आणि नऊ फुटांच्या खोलीत उरतो साडेपाच फूट. पलंगावर तर काहीच नको. पंख्याच्या पात्यांचं वर्तुळ 1200 मिमी व्यासाचं, म्हणून मध्यापासून निदान मीटरभर मोकळं. पंख्याच्या हुकाला पंचिंग बॅग लावणारेही आहेत. तो हुक शांत भारासाठी असतो, धक्क्यांसाठी नव्हे, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू शांत असतीलच असंही नाही.

बारक्या वस्तूंचं काम मजेचं. बॅट दोन खुंट्यांच्या मध्ये खांद्यावर टांगायची, पातं खाली. मूठ ग्रिपसकट 35 मिमीच्या आसपास असते, म्हणून फट 45 मिमीची ठेवावी. नियमाप्रमाणे बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटीमीटर, मुलांच्या बॅट त्याहून अरुंद, तरी खांदे या फटीतून निसटत नाहीत. चार नंबरची बॅट जाऊन सहा नंबरची आली तरी खुंट्या त्याच. पातं भिंतीपासून दोन बोटं लांब राहिलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात पाठीवर बुरशी. चेंडूंना 18 सेंटीमीटर व्यासाचं कडं लावा: पाच नंबरचा फुटबॉल 22 चा, सात नंबरचा बास्केटबॉल 24 चा, दोघंही वरून बसतात. कॅरम बोर्डाला खाली दोन एल-पट्ट्या आणि वर एक फिरती खिट्टी, म्हणजे तो सपाट उभा राहील. वर्षभर कपाटामागे तिरका टेकवलेला बोर्ड वाकतो, आणि मग सगळ्या सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे ओढ घेतात, त्याचा दोष पावडरला.

खाडीच्या हवेत साधे स्क्रू वर्षभरात डोक्यावर गंजतात आणि काढताना खाच झिजते. स्क्रू 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, चार पैसे जास्त गेले तरी. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधल्या, कॉलमला भोक पाडून सायकल टांगायची कल्पना सुचली तर विसरावी. तो कॉलम सगळ्यांचा आहे. जिन्यात तर नकोच, आगीच्या वेळी तोच रस्ता.

राहिली उंची. पट्ट्या दोन हव्यात. वरची साडेपाच फुटांवर, मोठ्यांच्या सामानाला. खालची साडेतीन फुटांवर, मुलांच्या हाताला येईल अशी. नाहीतर मुलं वस्तू काढताना खुर्ची घेतात, ठेवताना घेत नाहीत. ड्रिल लावायचा तो दुपारी 2 ते 4 सोडून.