धिंगरीची तिसरी काढणी: पिंजर, वाळवण आणि रस्सा

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वारुळांवर येणारी आळंबी पाहता पाहता संपते, म्हणून यंदा मागच्या पडवीत भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर, धिंगरी (ऑयस्टर) आळंबी लावली. पहिल्या आठ पिशव्यांपैकी तिनांवर हिरवी बुरशी आली, कारण पिंजर गरम पाण्यात बुडवले खरे, पण पाणी मध्येच कोमट झाले. पुढच्या खेपेस थर्मामीटर लावून 80 अंश तापमान तासभर टिकवले आणि एकही पिशवी वाया गेली नाही.

तिसऱ्या काढणीतील 500 ग्रॅम धिंगरी वाळवल्यावर 54 ग्रॅम भरली. बाकी सारे पाणीच. त्यामुळे वाळवलेल्या भुकटीच्या पाकिटावरचे आकडे ताज्या आळंबीच्या आकड्यांशेजारी ठेवून भुलू नये. ताज्या 100 ग्रॅम धिंगरीत साधारण 420 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 120 मिलिग्रॅम फॉस्फरस असते, सोडियम मात्र जेमतेम 18 मिलिग्रॅम. ही खनिजे बुरशी ज्यावर वाढते त्यातूनच घेते, आणि त्याच वाटेने कॅडमियम व शिसे हे विषारी धातूही येऊ शकतात. म्हणून रस्त्याकडेच्या शेतातले पिंजर स्वस्त मिळत असूनही मी घेतले नाही.

अँटिऑक्सिडंटांमध्ये मला सर्वांत रस वाटतो तो एर्गोथायोनीनमध्ये. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शार्ल तान्रे यांनी 1909 मध्ये ते धान्याच्या कणसांवर येणाऱ्या अर्गट बुरशीत शोधले, आणि ते पेशींत ओढून घेणारे वाहक प्रथिन आपल्या शरीरात असल्याचे 2005 मध्ये दिसून आले. बटण आळंबीपेक्षा धिंगरीत व शिताके या जपानी आळंबीत ते सहसा अधिक असते. शिजवल्याने ते फारसे नष्ट होत नाही, पण पाण्यात विरघळते, आणि पोटॅशियमचेही तसेच.

नेमके इथेच आमच्या घरी अडले. "आळंबीचं पहिलं पाणी टाकायचं असतं," असे सासूबाई म्हणाल्या आणि पातेले मोरीकडे घेऊन निघाल्या. रानातल्या आळंबीच्या भीतीतून ही सवय आली असावी. वास्तविक अमानिता वंशातल्या अत्यंत विषारी रानआळंब्यांचे विष उकळूनही जात नाही, आणि पिंजरावरच्या धिंगरीचे पाणी टाकण्याची गरज नाही. शेवटी ते फिकट तपकिरी पाणी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालून रस्सा केला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला, बोलल्या काही नाहीत.

आता चौथी काढणी येईल तेव्हा वाळवण्यापूर्वी छत्र्या सुपात उलट्या, पाती वर करून, दुपारच्या उन्हात ठेवणार आहे, कारण त्यांतील एर्गोस्टेरॉल या घटकापासून अतिनील किरणांमुळे ड-2 जीवनसत्त्व तयार होते.