होडी सोडायची नाही: बचाव प्रशिक्षणाचा माझा अनुभव

पेडण्यात आगरवाड्याला शापोरा नदीच्या काठी आमचं छोटंसं होमस्टे आहे. सोबत काही कायाक आणि आउटबोर्ड इंजिन लावलेली फायबरची एक होडी. होडी नवरा बघतो. हिशेब, स्वयंपाक आणि फोन माझ्याकडे. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली. वीस जणांना वाचवलं, एकाचा जीव गेला. तेव्हापासून फोनवर एक प्रश्न वारंवार येऊ लागला: "तुमच्याकडे रेस्क्यूचं ट्रेनिंग घेतलेलं कोण आहे?" मी सांगायचे, "माझे मिस्टर लहानपणापासून नदीतच आहेत." त्यात खोटं काही नव्हतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. ऐन हंगामात नवऱ्याला होडी टाकून जाता येईना, म्हणून बचाव प्रशिक्षणाला मीच नाव घातलं.

कागदपत्रांचं फार काही नाही. डॉक्टरांचा फिटनेस दाखला, आधार, फोटो आणि पोहण्याची चाचणी. एक मात्र सांगते, कारण आमच्या भागात बरेच जण इथे गल्लत करतात. बंदर कप्तान खात्याकडची नोंदणी आणि तपासणी ही होडीची असते. होडीचे कागद चोख असले म्हणून ती चालवणाऱ्याला बुडणारा माणूस वर काढता येतो, असं होत नाही.

पाण्यावरची कामं शिकायला देशभरातून मुलं गोव्यात येतात. राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही इथेच, करंझाळ्याला आहे. आमच्या तुकडीत उत्तराखंडातल्या टिहरीची दोन पोरं होती. तिथल्या धरणाच्या तलावावर बोटी चालवणारी, दोघंही माझ्या भाच्याच्या वयाची. मला "दीदी" म्हणायची, आणि पोहण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे.

पहिला सगळा वेळ जॅकेटवर गेला. मला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं ते काय? सरांनी मला घरून आणलेलं नारिंगी जॅकेट घालायला लावलं. मी बकल लावून उभी राहिले. त्यांनी दोन्ही खांद्यांखाली बोटं घालून ते वर ओढलं, तर अख्खं जॅकेट माझ्या कानांपर्यंत आलं. "मॅडम, हे तरंगेल. तुम्ही खाली राहाल." मग पट्टे आवळले, दोन पायांमधून जाणारा पट्टा लावला, पुन्हा ओढलं, या वेळी जॅकेटाबरोबर मीच टाचांवर उचलली गेले. आमच्याकडच्या बऱ्याच जॅकेटांचा तो खालचा पट्टा कापलेला असतो, कारण पर्यटकांना तो अवघडल्यासारखा वाटतो. फोम दाबून बघायचा. उन्हात राहून कडक झाला असेल, चुरा होत असेल, तर ते जॅकेट नुसतं दाखवण्यापुरतं. कायाकवर घालतात ते पन्नास न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करतं. शुद्ध हरपलेल्याचा चेहरा पाण्याबाहेर यावा असं वाटत असेल, तर शंभर-दीडशे न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं हवं. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात आणि दुकानदार स्वस्तातलं काढून देतो.

त्या रात्री जेवताना नवऱ्याशी वाद झाला. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली होती. सहा जण गेले. एक पोलीस उपनिरीक्षक पोहत काठावर आला. नवऱ्याचं म्हणणं, "बघ, पोहता येत होतं म्हणून तो वाचला." मी म्हटलं, "आणि बाकीचे सहा?" त्यावर तो काही बोलला नाही, पण पटलंही नव्हतं. धरणाचं पाणी म्हणजे शांत पाणी, असं आपल्याकडे धरूनच चालतात. उजनीसारख्या रुंद पाण्यावर वाऱ्याला मैलोन्‌मैल मोकळं रान मिळतं. समुद्राची लाट लांबट असते, होडी तिच्यावर चढते नि उतरते. तलावात लाटा आखूड आणि खड्या, एकीतून सावरेपर्यंत दुसरी आत येते. शापोऱ्याच्या मुखाशी हेच आम्ही रोज बघतो. सकाळी जमिनीकडून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा. सुकती, म्हणजे ओहोटी असताना नदीचं पाणी बाहेर जातं आणि वारा आत येतो. दोघं समोरासमोर भिडले की पाणी जागच्या जागी उभं राहतं. तीच नदी, तोच वारा, पण भरतीला सरळ असते. सासरे तेवढ्यासाठीच अजून अंगणातल्या माडाच्या झावळ्या बघितल्याशिवाय होडी सोडू देत नाहीत. "आदीं वारो पळय, मागीर उदक." म्हणजे आधी वारा बघ, मग पाणी.

टिहरीची पोरं सांगत होती, त्यांच्याकडेही दुपारी दरीतून वर वारा चढतो. पण त्यांचं पाणी हिमालयातलं. आमच्याकडे पाणी गार म्हणजे डिसेंबरात पहाटे पाय घातल्यावर तोंडातून "स्स" निघतं, तेवढंच. मग सरांनी त्या दोघांना समोर बसवून वेगळं शिकवलं आणि आम्हालाही ऐकायला लावलं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी एक साधा हिशेब मांडला आहे: एक-दहा-एक. बर्फाजवळच्या थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला लागतं. छाती आपोआप मोठा आचका देते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. दोरी धरणं, होडीवर चढणं, शिटी वाजवणं, जे काय करायचं ते तेवढ्यात. नंतर बोटं वळत नाहीत. थंडीनं शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे थंड तलावात बहुतेक माणसं गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतात, आणि उत्तम पोहणाराही त्यातून सुटत नाही. अंगावर आधीपासून जॅकेट असेल तरच तो तास मिळतो. पाण्यात पडल्यावर घालू म्हणणाऱ्याला दहा मिनिटांतली किती मिनिटं मिळणार? दोघांपैकी धाकटा गप्प झाला. मग म्हणाला, "हमारे यहाँ तो जैकेट सीट के नीचे रखते हैं."

गोव्याचं पाणी २७-२८ अंशांचं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण अंग ३७ अंशांचं असतं, आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पटीनं वेगानं ऊब खेचून घेतं. संध्याकाळच्या वाऱ्यात तासन्‌तास ओलं राहिलेला माणूस इथेही कुडकुडतो. म्हणून एकटा असाल तर गुडघे छातीशी घेऊन हात अंगाला चिकटवायचे, तिघे-चौघे असाल तर एकमेकांना बिलगून राहायचं, मुलं मध्ये.

दोनापावलाच्या बाजूला दुपारी वारा चांगला असतो, आणि सरांनी सराव मुद्दाम दुपारीच ठेवला होता. कायाक उलटवायची, पण वल्हं आणि कायाक हातातून सोडायची नाही, हा नियम. का, ते त्यांनी बोलून सांगितलं नाही. टिहरीच्या थोरल्याला उलटवायला लावलं आणि म्हणाले, "आता सोड. चार श्वास घे. आणि जाऊन पकड." पोरगा पट्टीचा पोहणारा. सुरुवातीला अंतर हातभर असेल. कायाक पाण्यावर हलकी, वारा तिला तिरकी ढकलत होता, दिसायला सावकाश. तो हात मारत होता, जॅकेट हनुवटीला अडत होतं, दोन लाटा तोंडावर आल्या. थोड्या वेळानं बघतो तर कायाक आणखी लांब. शेवटी सेफ्टी बोटीनं आधी त्याला उचललं, मग कायाकला. वर आल्यावर तो धापा टाकत हसत होता, पण मी हसले नाही. आमच्या पाहुण्यांतले निम्मे जण त्याच्या पाव पटीनंही पोहणारे नसतात. उलटी होडी लांबून दिसते, लाटांमधलं डोकं दिसत नाही. आणि काठ कायम वाटतो त्यापेक्षा दूर असतो.

मग दुसऱ्याच्या कायाकवरून मदत करायची पद्धत. उलटलेल्या कायाकचं टोक आपल्या कायाकवर आडवं ओढून घ्यायचं, आतलं पाणी गाळायचं, सरळ करून बाजूला लावायची आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची. माणूस पाय मारत पोटावर चढतो. इतका वेळ तो आपल्या कायाकच्या टोकाला धरून असतो. यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा, आणि क्रम आम्हा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना चटकन जमतो.

मला सगळ्यात अवघड गेली ती इंजिनाची होडी. पहिला धडा लाल रंगाच्या गुंडाळीच्या दोरीचा, किल कॉर्डचा. एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. नसेल, तर रिकामी होडी गोल गोल फिरत पंख्यासकट पाण्यातल्या माणसावरच परत येते. आमच्या नदीत ही दोरी बहुतेक होड्यांवर इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते, म्हणजे असून नसल्यासारखी.

माणूस म्हणून पाण्याचा कॅन जॅकेट घालून टाकायचे. "माणूस पाण्यात!" अशी हाक, आणि लगेच एकानं त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं. त्याचं दुसरं काहीही काम नाही, मान वळवायची नाही. मग वेग कमी करून वळसा घ्यायचा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगानं, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूनं, होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवून यायचं. वरच्या अंगानं आलात तर वारा होडी त्या माणसावर ढकलतो. शेवटचं अंतर इंजिन न्यूट्रलला, हाताशी आला की बंद. मन म्हणतं, जोरात जा, तो बुडतोय. हात म्हणतो, गिअर काढ. ते भांडण मला बरेच दिवस पुरलं.

वर काढायचं कसं? ऐंशी किलोचा ओला माणूस मी ओढणार नाही, हे उघड होतं. सरांनी एक जाड जाळं आणलं. त्याची एक कड होडीच्या काठाला बांधली, जाळं माणसाच्या खालून घेऊन दुसरी कड वर ओढली. माणूस लोळत होडीत आला. वजन जवळजवळ निम्मं लागतं, आणि माणूस आडवा येतो. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला आडवंच काढायचं असतं; उभं ओढलं तर रक्तदाब एकदम घसरून तो वर आल्या आल्या कोसळू शकतो. हे टिहरीच्या पोरांनी वहीत दोनदा लिहून घेतलं.

पाण्यात उडी ही शेवटची गोष्ट. आधी काठी, मग दोरी, मग होडी. खोबरेल तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून दोरी बांधलेला, बुडणाऱ्याकडे फेकायला कुठल्याही घाटावर ठेवता येतो.

पाण्यातून काढल्यावरचं मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं. आपल्याकडे पोट दाबून पाणी काढतात, पाय धरून उलटं टांगतात, गावात अजूनही चालतं. त्यानं काही साधत नाही. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि वेळ जातो तो वेगळाच. बुडालेल्याला हवा हवी असते. श्वास चालत नसेल तर सुरुवात तोंडाने श्वास देण्यापासून, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, चालू ठेवायचं, कुणीतरी १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर येऊन "मी ठीक आहे" म्हणाला तरी इस्पितळात न्यायचंच, फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही होतो. बाहुलीवर छाती दाबताना माझे खांदे दुसऱ्या मिनिटालाच भरून आले. म्हणून दोघांनी आळीपाळीनं करायचं असतं.

प्रमाणपत्र मिळालं. घरी थोडे बदल केले. खारा वारा सुरू झाला की कायाक मुखाच्या बाजूला जात नाहीत, वरच्या अंगाला, खारफुटीच्या आडोशानं जातात. कोण, किती वाजता, कुठल्या बाजूला गेलं, ते वहीत. प्रत्येक जॅकेटला शिटी. फळीवर ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ मोठ्या अक्षरांत. किल कॉर्ड एक जादा आणली, आणि नवऱ्यानं ती कुणी न सांगता मांडीला बांधलेली मी पाहिली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सोडली असती.

जॅकेटच्या पट्ट्यावरून पाहुण्यांशी वाद होतातच. परवा एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मी कॉलेजात स्विमिंग चॅम्पियन होतो." मी त्यांना पैसे परत दिले. त्यांनी घेतले, चहा प्यायला, आणि बायको-मुलं कायाकवरून येईपर्यंत माझ्या शेजारी बसून क्रिकेट बघितलं. आता पावसाळ्यात नदी लालभडक होईल, कायाक शेडमध्ये जातील. पुन्हा काढण्याआधी कामाला असलेल्या दोन्ही मुलांकडून जाळ्याचा सराव करून घ्यायचा आहे. जाळं म्हापशाच्या बाजारात मिळालं, दोरी अजून जाड हवी.