२४० तास

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इतिहासाच्या एम. ए.साठी नाव नोंदवले, तेव्हा माहितीपुस्तिकेतले एक वाक्य मी वाचून तसेच पुढे गेले होते. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, असे ते वाक्य. माझ्या अभ्यासक्रमातला प्रत्येक विषय ८ श्रेयांकांचा होता, म्हणजे एका विषयाला २४० तास आणि पहिल्या वर्षाच्या चार विषयांना ९६०. वयाच्या ४४व्या वर्षी, नोकरी करून, दोन शिकती मुले आणि वयस्कर सासूबाई घरात असताना हे ९६० तास कुठून येणार, हा हिशेब मी त्या वेळी केला नाही. पुस्तकांचे पार्सल आले, मी त्याचा वास घेतला आणि ते कपाटात लावून ठेवले.

आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. पती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी करतात आणि मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. थोरली तेव्हा नववीत होती, धाकटा पाचवीत. अशा घरात मोकळा वेळ म्हणून काही नसतो; प्रत्येक तासाला आधीच कोणीतरी धनी असतो. पहाटे साडेचारला उठून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू येईपर्यंत वाचायचे, असे मी ठरवले, आणि बरेच दिवस ते निभावलेही. भोंपू वाजला की पुस्तक मिटायचे, पाव घ्यायचे, चहा टाकायचा आणि डबे भरायला लागायचे. पण पहाटेच्या सव्वा तासात २४० तास भरायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो, तोही एक दिवस न चुकता. कोणाला ताप येतो, कोणाकडे बारसे असते, पावसात रात्रभर वीज जाते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत.

तासांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली ती सासूबाईंनी. स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेले असते, आणि दुधाच्या पिशव्यांचा आकडा त्या रोज त्याच्या चौकोनात लिहितात. एके दिवशी दुधाच्या आकड्याखाली मला दुसरा आकडा दिसला, १।, म्हणजे सव्वा. विचारले तर म्हणाल्या, ‘‘तुझा अभ्यास लिहिला गो. दूध लिहितो, मग तो का नको?’’ तेव्हापासून त्या रात्री निजण्याआधी मला विचारून आकडा टाकू लागल्या. ज्या दिवशी अभ्यास झाला नाही, त्या दिवशी चौकोन रिकामा न ठेवता त्या तिथे बारीक शून्य काढत.

त्यांच्या या आस्थेमागे कारण आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. मुक्तीनंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तशी त्यांच्याही गावात निघाली, आणि अकराव्या वर्षी त्या पहिलीत बसल्या. शेजारी सहा वर्षांची मुले. चौथी झाल्यावर शाळा सुटली, कारण घरात धाकटी भावंडे सांभाळायला कोणी नव्हते. मोठ्या वयात शिकणे ही आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेली गोष्ट नव्हे, हे मला त्या शून्यांमुळे समजले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे नाव निघाले की त्या अजूनही हात जोडतात, आणि ते मला फार मनापासूनचे वाटते.

या अभ्यासक्रमात गुणांची वाटणी अशी होती की ३० टक्के स्वाध्यायाला आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला. ही परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. स्वाध्याय हाताने लिहावा लागतो: पाच प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर सुमारे ५०० शब्दांत. ज्यांची लिहिण्याची सवय मोडलेली आहे त्यांनाच २५०० शब्द हाताने उतरवणे म्हणजे काय ते कळेल. कार्यालयात मी दिवसभर संगणकावर नोंदी करते. पेन उचलते ते सहीपुरते. पहिला स्वाध्याय मी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात लिहिला. बाहेर पती आणि मुले गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या चौकटीला कांगलां, घागऱ्या अशी रानफळे आणि सुपाऱ्यांचे घोस बांधत होती. आत सासूबाई आदोळीवर (विळीवर) बसून नेवऱ्यांसाठी नारळ खवत होत्या, आणि त्यांच्यासमोर पाटावर बसून मी रोमन समाजातल्या गुलामगिरीविषयी लिहीत होते. खोबऱ्याचा एक कीस उडून कागदावर पडला आणि तिथे तेलाचा पारदर्शक ठिपका उमटला. पान पुन्हा लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्या ठिपक्याला वळसा घालून मी ओळ पुढे नेली. सणाआधीच्या त्या सात दिवसांत सासूबाईंनी मला चुलीपाशी फक्त दोनदा बोलावले.

भाषेचा प्रश्न वेगळा होता. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, असे आमच्या पिढीतल्या गोव्यातल्या कितीतरी मुलांचे शिक्षण झाले. घरात कोंकणी, वाचायला मराठी आणि परीक्षेला इंग्रजी, ही वाटणी अंगवळणी पडलेली आहे. या अभ्यासक्रमाला माध्यम इंग्रजी किंवा हिंदी होते, मराठी नव्हते. मी प्रत्येक प्रकरणाचे टिपण आधी मराठीत काढू लागले. ‘फ्युडॅलिझम’ हा शब्द तीन वेळा वाचूनही हाती लागेना, पण समासात ‘सरंजामशाही’ लिहिले आणि कूळ, भाटकार (जमीनमालक), शेताचा खंड या आमच्या आजोबांच्या तोंडच्या शब्दांशी त्याची तुलना सुरू केली, तेव्हा दोन्हींत कुठे साम्य आहे आणि कुठे नाही हे दिसू लागले. या कामाला वेळ दुप्पट लागतो. तरीही आपल्या भाषेत विचार करून मग दुसऱ्या भाषेत लिहिलेले उत्तर अधिक भरीव होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला जड जाते. थोरली दहावीत गेली. तिची पूर्वपरीक्षा तोंडावर होती, आणि माझी डिसेंबरची परीक्षा नुकतीच झाली असली तरी एका विषयात मी नापास होणार असे वाटून मी जूनसाठी त्याच विषयाची पुन्हा तयारी करत होते. एका संध्याकाळी ती भूमितीचे पुस्तक घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली, थोडी थांबली आणि परत गेली. मी ते पाहिले होते. परिच्छेद संपवून उठू, असे मनाशी म्हटले आणि त्या परिच्छेदामागून आणखी चार पाने वाचली. तोवर ती शेजारच्या मावशींकडे जाऊन ते प्रमेय समजून घेऊन आली होती. रात्री ताटे वाढताना मी विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, तू घरातच असतेस. पण तुला हाक मारायला आम्हांला भीती वाटते.’’

ती रागावून बोलली असती तर मी उत्तर दिले असते. ती रागावली नव्हती.

त्याच सुमारास इतिहासलेखनाच्या विषयात मी दामोदर धर्मानंद कोसंबी वाचत होते. व्यवसायाने गणिती असलेल्या या माणसाने जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजने करून त्यांतून इतिहास काढला, आणि १९५६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासाकडे पाहण्याची दिशा बदलली. त्यांचा जन्म १९०७चा, आपल्या गोव्यातलाच, याचा मला अभिमान वाटत होता. त्यांचे वडील धर्मानंद हे साखवाळचे. १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते विद्येसाठी बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करून ते पालीचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित झाले. त्यांच्या विद्वत्तेपुढे माझी मान कायम झुकलेली राहील. पण त्या रात्री मला त्यांच्या पत्नी बाळाबाईंची आठवण येत राहिली. त्यांनी घरी काढलेली वर्षे कोणत्या श्रेयांकात मोजायची? धर्मानंद घर सोडून गेले होते. मी घर न सोडता, बंद दाराआड बसून, काही प्रमाणात तेच करत होते. माझ्या २४० तासांतले कितीतरी तास माझे नव्हतेच, ते थोरलीचे, धाकट्याचे, चुलीपाशी एकट्याने उभ्या राहणाऱ्या सासूबाईंचे आणि रात्रपाळीहून येऊन स्वतःचे ताट वाढून घेणाऱ्या पतीचे होते.

दुसऱ्या दिवशी मी माझी पुस्तके खोलीतून जेवणाच्या टेबलावर आणली. आता संध्याकाळी साडेसात ते नऊ आम्ही तिघेही तिथेच बसतो. धाकट्याला मोठ्याने वाचायची सवय आहे, त्यामुळे माझे वाचन सावकाश होते. पूर्वी तासाला दहा पाने व्हायची, आता सहा होतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम लांबवण्याची मुभा आहे, ती मी घेतली आणि एका सत्राला एकच विषय द्यायचे ठरवले. काही शनिवारी मी आणि थोरली बसने पणजीला जातो. पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, १८३२ सालापासूनची परंपरा असलेल्या त्या संस्थेत, दोघी समोरासमोर बसतो, आणि परतताना बसमध्ये ती मला माझेच प्रश्न विचारते. ज्या विषयात नापास होण्याची धास्ती होती, त्यात काठावर का होईना, उत्तीर्ण झाले. थोरलीलाही भूमितीत चांगले गुण मिळाले. त्याचे श्रेय शेजारच्या मावशींचे आहे.

सध्या भारतीय अर्थव्यवस्थेच्या इतिहासाचा विषय चालू आहे. काल रात्री सासूबाई कालनिर्णयापाशी पेन घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा धाकट्याने त्यांना विचारले, ‘‘माझे तास का लिहीत नाहीस?’’ त्यांनी थोडा विचार केला, आणि आता दुधाच्या आकड्याखाली तीन आकडे आहेत: माझा, थोरलीचा आणि धाकट्याचा. चौकोन लहान पडतो, म्हणून त्याचा आकडा त्या कडेला आडवा लिहितात.