सोसायटीतला रॅम्प: स्कूटी चढते म्हणून व्हीलचेअर चढेलच असं नाही

बऱ्याच सोसायट्यांच्या दारात पायऱ्यांना चिकटून सिमेंटची एक छोटी घसरगुंडी असते. तिला रॅम्प म्हणतात, पण तिचा खरा उपयोग दुचाकी वर घ्यायला. चार-पाच फूट लांबी, दीड फूट उंची. इंजिनाला जमतं ते. खुर्चीत माणूस बसवून तिथून खाली उतरवायचं म्हटलं की मागच्याच्या हातातून खुर्ची निसटायची वेळ येते.

साधा हिशोब १:१२ चा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. १५ सेंमीच्या एका पायरीला १.८ मीटर. तीन पायऱ्यांना, म्हणजे ४५ सेंमीला, ५.४ मीटर, जवळपास १८ फूट. हा आकडा ऐकला की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, 'एवढं कशाला, आठ फुटांत बसवू की!' बसतं. पण उतार होतो १:५.४. माणूस ७० किलोचा आणि खुर्ची १८ किलोची धरा. १:१२ वर मागून लावायचा जोर साधारण ७ किलोचा, आठ फुटी रॅम्पवर १६ किलोचा. तोच जोर उतरताना उलटा, खुर्ची रोखून धरायला लागतो, आणि रोखणारी व्यक्ती बऱ्याचदा साठीची असते. स्वतः चाकं फिरवत चढणाऱ्याचा तर प्रश्नच नको.

उंची मोजतानाच पहिली चूक होते. टेप पायरीच्या पायथ्याशी लावतात. रॅम्प मात्र तिथे संपत नाही, पाच-सहा मीटर पुढे संपतो, आणि पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. तिथे जमीन आणखी ८ सेंमी खाली असेल, तर उंची ४५ नाही, ५३ सेंमी, लांबी ६.४ मीटर. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल नळी असतेच. तिचं एक टोक दारातल्या फरशीपाशी, दुसरं रॅम्प जिथे टेकणार त्या जागी धरून मोजा. दारातली फरशी बदलायची असेल तर तिची जाडीही धरा.

सरळ जागा नसेल तर रॅम्प वळवता येतो. वळणावर किमान दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवा. खुर्चीला ती पुरते. चारचाकी मोबिलिटी स्कूटरला, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीला, पुरेलच असं नाही. स्कूटर घेतलेली असेल तर जमिनीवर खडूने चौकोन काढून ती त्यात वळवून बघा. तेवढीच सपाट जागा वरही हवी, दारासमोर. आपल्याकडे सेफ्टी डोअर बाहेर उघडतं. वर सपाटी नसेल तर दार उघडायला खुर्ची उतारावरच मागे घ्यावी लागते, आणि अपघाताची जागा तीच. लांबी, वळण काहीच बसत नसेल तर उतार वाढवू नका. खुर्चीसकट माणसाला वर उचलणाऱ्या छोट्या प्लॅटफॉर्म लिफ्टची चौकशी करा.

रुंदी आतून १.२ मीटर. दोन्ही कडांना ७ ते १० सेंमीचा कठडा, म्हणजे पुढचं छोटं चाक कडेवरून खाली जाणार नाही. रेलिंगचा पाइप मुठीत मावेल असा, ४० मिमीच्या आसपास. भिंतीपासून ५ सेंमी सुटा आणि रॅम्पच्या वरच्या-खालच्या टोकांना ३० सेंमी पुढे काढलेला. चौकोनी स्टीलची नळी दिसायला छान, पण पकड नीट बसत नाही.

काँक्रीटचा रॅम्प बिघडतो तो बहुधा भरावामुळे. मुरूम एकदम ओतून वरवर धुम्मस मारला की दोन पावसाळ्यांत तो बसतो, रॅम्प खचतो आणि दाराशी बोटभर फट पडते. भराव १५-२० सेंमीच्या थरांत, पाणी मारून ठोकून घ्यायचा. दुसरी दुखरी जागा खालची कड. काँक्रीट तिथे शून्यावर आणलं तर पापडासारखं तुटतं. जमीन खणून कड ८-१० सेंमी आत उतरवावी, म्हणजे जाडी राहते आणि पृष्ठभाग जमिनीशी सपाट मिळतो. दीड-दोन सेंमीचा उंचवटा राहिला तरी पुढची छोटी चाकं तिथे अडतात, खुर्ची थांबते आणि माणूस पुढे जातो. वरचा थर ओला असतानाच त्यावर आडवा खराटा फिरवून घ्या. पॉलिश ग्रॅनाइट, गुळगुळीत कोटा नकोच. पावसाळ्यात शेवाळ धरलं की चालतासुद्धा येत नाही. लोखंडी चेकर्ड प्लेटही ओली झाली की निसरडी, आणि कोकणात तिचा गंज वेगळाच.

भाड्याचं घर असेल किंवा सोसायटी अडून बसली असेल, तर घडीचा अॅल्युमिनियम रॅम्प. सहा फुटी रॅम्प १:१२ ने एकच पायरी चढवतो, हे आधी लक्षात घ्या. कंपनीच्या तक्त्यात रिकामी खुर्ची आणि बसलेला माणूस यांच्यासाठी किती उंची चालेल याचे आकडे वेगळे असू शकतात. बसलेल्या माणसाचा बघा. वजन धरताना बॅटरीची खुर्ची ६० किलो, माणूस ७५, मागून चढणारा ६५, असे २०० किलो होतात. वरची ओठासारखी पट्टी पायरीवर पूर्ण टेकली पाहिजे आणि पिनने किंवा पट्ट्याने बांधलेली हवी. बॅटरीवरची चाकं चढताना रॅम्पला मागे ढकलतात, आणि पायरी पॉलिश केलेली असेल तर पट्टी सटकते. दोन सुट्या पट्ट्यांचा रॅम्प तीनचाकी स्कूटरला चालतच नाही. पुढचं चाक मधल्या रिकाम्या जागेत येतं.

स्कूटरचं आणखी एक दुखणं म्हणजे पोट. छोट्या प्रवासी स्कूटरचा तळ जमिनीपासून ५-७ सेंमीच वर असतो. तीव्र रॅम्प जिथे सपाटीला मिळतो त्या माथ्यावर तळ टेकतो, मागची चाकं नुसती फिरत राहतात. मॅन्युअलमध्ये चढाची मर्यादा बऱ्याचदा अंशांत दिलेली असते: १:१२ म्हणजे सुमारे ५ अंश, १:८ म्हणजे ७, १:६ म्हणजे साडेनऊ.

गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी करून बघा. दाराशी बादलीभर पाणी ओता: ते घरात येता कामा नये आणि रॅम्पच्या पायथ्याशी डबकं साचता कामा नये. मग रिकामी खुर्ची एका हाताने धरून सावकाश खाली आणा. खालच्या कडेवर हाताला ठक् असा धक्का लागला, तर ती कड तेव्हाच फोडून नव्याने करून घ्या.