तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपची जुनी बॅटरी कुरियरने पाठवून दुरुस्त करून घ्यावी का?

बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, मशिनशेजारी मी माझा लॅपटॉप उघडला की कुणीतरी विचारतंच, "अजून हेच वापरूलासा काय? ह्याला बॅटरी कुठनं मिळते?" मी सांगतो, बॅटरी मूळचीच आहे, कुरियरने पाठवून आतले सेल बदलून आणलेत. मग खरा प्रश्न येतो. असं पाठवून केलेलं काम टिकतं का, की पैसे पाण्यात? वर्कशॉपवाले विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, खानापूरच्या एका मास्तरांनी तर मुद्दाम फोन करून विचारलं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

टिकतं. खुशाल पाठवा. पण कोणते सेल घालणार हे जो सांगत नाही त्याच्याकडे पाठवू नका, आणि फुगलेली बॅटरी तर कुणाकडेच पाठवू नका.

मी सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनच्या दुरुस्तीचं काम करतो. हत्तरगीच्या बाजूला विमानांचे भाग बनवणारे कारखाने आहेत, तिथली मशिनं नवी. पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कची वायर लावली की काम झालं. उद्यमबागेतल्या छोट्या शॉपमध्ये मात्र फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं अजूनही फॅनूक कंपनीच्या झीरो सिरीजच्या कंट्रोलरवर, म्हणजे मशिन चालवणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर, मशिनिंग होतं. ही मशिनं जुनी असली तरी कामाला खणखणीत आहेत, मालकांची घरं त्यांच्यावर चालतात. त्यांच्यात प्रोग्रॅम घालायचा किंवा पॅरामीटरचा, म्हणजे मशिनच्या सेटिंगचा, बॅकअप घ्यायचा तर आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सीरियल जोडणीची, केबल लागते, आणि त्यासाठी सीरियल पोर्ट असलेला लॅपटॉप. माझा डेलचा लॅटिट्यूड डी६३० आहे, २००७ सालचं मॉडेल. त्याच्या मागे नऊ पिनांचा अस्सल सीरियल पोर्ट आहे. यूएसबी कन्व्हर्टर मीही वापरतो, बऱ्याच मशिनवर चालतो. पण लांबलचक प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा असतो तेव्हा मशिनने "थांब" म्हटलेलं कन्व्हर्टरला उशिरा कळतं आणि मध्येच मशिनवर अलार्म येतो. अशा वेळी जुना पोर्टच उपयोगी पडतो.

मग कुणी म्हणतं, बॅटरीची एवढी काळजी कशाला, चार्जर लावून चालवा की. हे जरा नीट सांगतो, कारण याच्यामुळे बोर्ड जळतात. मशिनचं अर्थिंग आणि भिंतीवरच्या सॉकेटचं अर्थिंग एकच असेल याची जुन्या शेडमध्ये काही खात्री नसते. दोन्हींत व्होल्टेजचा फरक असला की तो फरक केबलच्या ग्राउंडच्या तारेतून वाट काढतो आणि पोर्टची आयसी, म्हणजे चिप, घेऊन जातो. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉप लावून त्याच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात, ते तुम्ही अनुभवलं असेल. ते चार्जरमधून झिरपणारं व्होल्टेज, आणि तेही याच तारेतून वाट काढतं. लॅपटॉपचा पोर्ट गेला तर एक वेळ ठीक, पण कंट्रोलरच्या बाजूची आयसी गेली तर मशिन उभं राहतं आणि जुन्या बोर्डाचा भाग शोधत फिरावं लागतं. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा भिंतीशी संबंधच तुटतो. म्हणून केबल लावायच्या आधी मी चार्जर काढतो आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरांनाही तेच शिकवतो. तासभर तग धरणारी बॅटरी नसेल तर माझं काम होत नाही.

अशी बॅटरी बाजारात नवी मिळते, त्यावर मूळ कंपनीचं नावही असतं. पण लिथियम-आयन सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो. बंद खोक्यात, गोदामाच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली "नवी" बॅटरी हातात येते तेव्हाच तिची बरीच ताकद गेलेली असते. कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच थांबवलं असेल तर ताजी अस्सल बॅटरी येणार कुठून? राहते डुप्लिकेट. ती बाहेरून हुबेहूब असते, आत काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो. मी घेतलेली एक पहिल्या पावसाळ्यापर्यंत बरी चालली, मग निम्मं चार्जिंग दाखवत असताना लॅपटॉप फटकन बंद पडायला लागला. प्रोग्रॅम मशिनमध्ये जात असताना असं होणं परवडत नाही.

माझ्या बॅटरीच्या प्लास्टिकच्या कवचात सहा गोल सेल आहेत. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. दोन-दोन सेल समांतर जोडून तीन जोड्या केलेल्या असतात आणि त्या जोड्या एकापुढे एक. पूर्ण चार्ज झालेला एक सेल ४.२ व्होल्टचा, म्हणून तीन जोड्यांचे मिळून १२.६ व्होल्ट. सेल एकमेकांना निकेलच्या पातळ पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. इथे सोल्डरिंग करणारा कारागीर दिसला तर बॅटरी उचलून घरी घेऊन या. सोल्डरिंगची टोकं ३०० अंशांच्या वर तापतात. सेलच्या आत दोन थरांना वेगळं ठेवणारा एक पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, तोंडाशी सील असतं, आणि दोन्हींना ती धग सोसत नाही. सेल त्या दिवशी चालेल, पण आतून अधू झालेला असेल.

या सहा सेलांशेजारी एक छोटा सर्किट बोर्ड असतो, आणि कुरियरने पाठवण्याचं खरं कारण तो बोर्ड आहे. त्यावरची आयसी बॅटरीत किती करंट गेला, किती आला, किती वेळा चार्जिंग झालं, पूर्ण क्षमता किती उरली, याचा हिशेब ठेवते. एखादी जोडी फार खाली गेली किंवा तापली तर ती आयसी बॅटरी कायमची बाद अशी नोंद करते. मग नवेकोरे सेल घातले तरी बोर्ड वीज देत नाही, किंवा जुनाच हिशेब धरून लवकर बंद करतो. काही बोर्ड तर सेल काढताना वीज तुटली की तिथल्या तिथे लॉक होतात, म्हणून जाणकार माणूस आधी बाहेरून व्होल्टेज देऊन बोर्ड जागा ठेवतो आणि मगच सेल सोडवतो. आम्हा मशिनवाल्यांना यात नवल वाटत नाही. फॅनूकच्या जुन्या कंट्रोलरचे तीन मोठे सेल बदलतानाही मशिन चालू ठेवावं लागतं, नाहीतर सगळे पॅरामीटर उडतात.

स्पॉट वेल्डिंगचं यंत्र आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहे, ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणारी पोरंही आता हुशार झालीत. पण त्या आयसीतला जुना हिशेब पुसून नवा लिहिण्याचं सॉफ्टवेअर आणि अनुभव मोजक्यांकडेच असतो. मी चौकशी केली तेव्हा तसा माणूस मला जवळपास मिळाला नाही, म्हणून बाहेरगावी पाठवली.

पाठवायच्या आधी फोनवर मी काय विचारलं ते सांगतो. सेल कोणत्या कंपनीचे आणि किती एमएएचचे, म्हणजे किती क्षमतेचे? सहाही एकाच लॉटचे का? आयसी रीसेट करणार का? परत पाठवताना मोजलेली क्षमता लिहून देणार का? या प्रश्नांची उत्तरं न चाचरता आली की माणूस काम जाणणारा आहे असं समजायला हरकत नाही. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, तेव्हापासून सेल खूप सुधारलेत. २००७ च्या सेलपेक्षा आजचा चांगला सेल सहज जास्त क्षमता देतो. पण त्यालाही हद्द आहे. नामांकित कंपन्यांचे १८६५० साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. कुणी ९९०० छापलेला सेल दाखवला तर ती शुद्ध फसवणूक आहे. एकाने मला उत्साहाने ४.३५ व्होल्टचे सेल सुचवले. माझा बोर्ड ४.२ च्या हिशेबाने चार्ज करतो, त्यामुळे त्या जास्तीच्या क्षमतेचा मला काहीच फायदा नव्हता, पैसे मात्र जास्त गेले असते. मी साधे मागितले.

आता कुरियरचं. लिथियम-आयन बॅटरी हा धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतो. सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि मालवाहू विमानातून न्यायची तर चार्जिंग ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून काउंटरवर स्पष्ट सांगा की बॅटरी आहे, सरफेसने, म्हणजे रस्त्याने, पाठवायची आहे. पाकिटावर "स्पेअर पार्ट" लिहून दडपून पाठवणं म्हणजे त्या पार्सलाबरोबर प्रवास करणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. बेळगावकरांना इथे एक सोय आहे. पुणे-बंगळुरू हायवे आपल्या दारावरून जातो, दोन्ही शहरांत ट्रकने पार्सल नीट पोचतं, विमानाची गरजच पडत नाही. चार्जिंग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरवा, संपर्काच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि जाड खोक्यात हलणार नाही अशी बसवा. जूनमध्ये पाठवत असाल तर वरून प्लास्टिक घाला, आपल्याकडचा पाऊस खोक्याचा लगदा करतो.

फुगलेली, पिचकलेली, गरम होणारी किंवा गोडसर वास येणारी बॅटरी मात्र लॅपटॉपमधून काढा, चार्जरला लावू नका आणि कुठल्याही वाहनात घालू नका. तिच्यात जीव घालायचा प्रयत्न करू नका. शहापुरातल्या एका ओळखीच्यांनी मला खूप गळ घातली होती, "बघा की काहीतरी होतंय काय." मी नाही म्हटलं, आणि उद्याही नाहीच म्हणेन. अशी बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे स्वतः नेऊन द्यायची. घंटागाडीत टाकली तर कचरा दाबताना ती पेटते, आणि तिथे हाताने कचरा निवडणारी माणसं असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यालाही विचारा, माझे जुने सेल कुठे जाणार? मला मिळालेलं उत्तर पटलं, तोही माझ्या निवडीचा एक भाग होता.

बॅटरी परत आल्यावर घाई करायची नाही. एकदा पूर्ण चार्ज करा, मग लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत वापरा, पुन्हा पूर्ण भरा. यामुळे आयसीला नव्या सेलांची खरी क्षमता कळते आणि टक्केवारी खोटं बोलत नाही. माझ्या बॅटरीवर एक बटण आणि पाच बारीक दिवे आहेत. बटण नुसतं दाबलं तर चार्जिंग किती ते दिसतं. तेच तीन सेकंद दाबून धरलं तर बॅटरीची झीज दिसते: जितके दिवे लागतील तितकी ती झिजलेली. परत आली त्या दिवशी मी बटण धरून ठेवलं आणि एकही दिवा लागला नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोराला वाटलं बॅटरी मेलेली आली. त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला, आणि खरं सांगायचं तर माझाही. विंडोज ८ आणि त्यापुढच्या लॅपटॉपवर बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी छापलेली असते.

खर्च डुप्लिकेट बॅटरीपेक्षा जास्त येतो, हे खरं. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेला असतो, त्यांनी तो करू नये. चपट्या, चिकटवून बसवलेल्या बॅटरीच्या नव्या लॅपटॉपसाठीही माझा सल्ला लागू नाही. ती बॅटरी अख्खीच बदलावी लागते, आणि तिथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर बरं. पण ज्यांच्या जुन्या मशिनवर, जुन्या सॉफ्टवेअरवर रोजची रोटी चालते, त्यांनी दोन-चार हजारांसाठी चालतं साधन भंगारात घालू नये असं मला मनापासून वाटतं.

फोन करायच्या आधी बॅटरी उलटी करून लेबलवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॉट-अवर लिहून घ्या. पहिला प्रश्न त्याचाच येतो. शक्य असेल तर लेबलचा फोटोही पाठवा, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपला सहा सेलांची आणि नऊ सेलांची अशा दोन बॅटऱ्या असतात आणि दोन्हींचा खर्च वेगळा असतो.