बळीचं राज्य दिसतं कसं?

जातीवर बोलायला उभा राहिलो की शेवटी कुणीतरी विचारतंच, "जात मोडायची हे पटलं, पण तिच्या जागी काय उभं करायचं, ते जातीविरुद्ध लढलेल्या मंडळींनी कुठं सांगितलंय?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

सांगितलंय, तेही बारकाव्यानिशी.

काशीला चामड्याचं काम करणाऱ्या संत रविदासांनी तर अख्खं शहर रचलं, बेगमपुरा. तिथं दुःख नाही, कराची धास्ती नाही, कुणी दुय्यम नाही, आणि वाटेल तिथं फिरायला मुभा. ज्याला पाणवठ्यावर नि देवळात मज्जाव, त्यालाच मोकळं फिरणं एवढं मोठं वाटणार.

जोतीरावांनी घर दाखवलं. पक्षाघातानंतर डाव्या हातानं लिहिलेलं त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' ते गेल्यावर, 1891 साली छापलं गेलं. त्यातल्या कुटुंबात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कुणी कुणाचा द्वेष करत नाही. बाईनं आणि मुलीनं स्वतः ग्रंथ वाचून धर्म निवडायचा! हे वाचताना मी दरवेळी थांबतो.

याच जोतीरावांनी बळीला रयतेचा न्यायी राजा म्हटलं. तो आमच्या घरीही होता. अमळनेर तालुक्यात आमची शेती. पाडव्याला आजी ओवाळताना म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." आणि तेव्हाच आमच्या सालदाराची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात पालथी पडलेली असायची. कान तुटलेला कप. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरायचं. वर्षभर आमची बैलं, पेरणी, राखण त्याच्यावर. चहा मात्र वरून ओतायचा, आणि कप त्यानंच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा.

कॉलेजात असताना बाबासाहेबांचं 1936 सालचं, लाहोरसाठी लिहिलेलं पण तिथं होऊ न शकलेलं भाषण वाचलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर उभा समाज, असं ते स्पष्ट लिहितात. बंधुता हे तर त्यांच्या लेखी लोकशाहीचंच दुसरं नाव.

त्या पाडव्याला मी सालदाराला घरात बोलावलं आणि आमच्याच कपात चहा दिला. आजी काही बोलली नाही. तो उंबऱ्यापाशी आला, कप घेतला, आणि बाहेर ओट्याखाली उभ्यानंच प्यायला. मग कप विसळून त्यानं नेहमीच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.